कूलरचं पाणी रोज संपतं, रेडिएटरचं संपायला नको

मे महिना आला की नागपुरात वर्धा रोडवर, आउटर रिंग रोडवर, समृद्धी महामार्गावर बोनेट उघडून उभ्या केलेल्या गाड्या दिसायला लागतात. बाजूला डोक्यावर दुपट्टा घेऊन घरची मंडळी उभी, आणि एक जण पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेऊन राहिला असतो. मला ते बघून दरवेळी धस्स होतं, कारण तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडणं ही त्या वेळची सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे. आणि वाईटही वाटतं, कारण बहुतेक वेळा त्या गाडीनं आधीच्या काही आठवड्यांत काहीतरी इशारा दिलेला असतो, पण तो कसा वाचायचा हे आपल्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

मग गॅरेजमध्ये गेलं की सुरू होतं, रेडिएटर बदला, नाही झालं तर पंप बदला, नाही झालं तर थर्मोस्टॅट काढा, आणि बिल वाढत जातं. माझं म्हणणं एवढंच आहे की पार्ट बदलायच्या आधी दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली पाहिजेत: गाडी नेमकी केव्हा तापते, आणि पाणी कमी होत असेल तर जातं कुठे. या दोन उत्तरांवर अर्धं निदान होतं, आणि ती उत्तरं मिस्त्रीला नाही, तुम्हालाच माहीत असतात, कारण गाडी तुम्ही चालवता.

## इंजिन थंड करायचं म्हणजे काय करायचं

पेट्रोल किंवा डिझेल जाळून जी ऊर्जा निघते त्यातली ढोबळ मानानं एक तृतीयांशच चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुरासोबत जाते आणि उरलेली तेवढीच उष्णता इंजिनाच्या धातूतून बाहेर काढावी लागते. ती काढली नाही तर काही मिनिटांत धातू वाकायला लागतो.

नागपूरकराला हे समजायला घरचा कूलर पुरे आहे. कूलरमध्ये पंप पाणी वर चढवतो, ताट्यांमधून पाणी झिरपतं, पंखा हवा ओढतो. गाडीतही तसंच, वॉटर पंप पाणी इंजिनातून फिरवतो, ते तापलेलं पाणी होज पाईपातून रेडिएटरमध्ये येतं, तिथल्या बारीक नळ्यांमधून जाताना समोरून येणारी हवा त्याची उष्णता घेऊन जाते, आणि गार झालेलं पाणी खालच्या पाईपातून परत इंजिनात. गाडी पळत असली की हवा आपोआप मिळते, उभी असली की पंखा लागतो. या सगळ्यात एक दरवाजा असतो, त्याला थर्मोस्टॅट म्हणतात, आतलं मेण तापलं की तो उघडतो, बहुतेक गाड्यांत ८२ ते ९२ अंशांच्या आसपास. इंजिन थंड असेपर्यंत तो बंद राहतो, म्हणजे पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरतं आणि इंजिन लवकर गरम होतं.

पण कूलर आणि रेडिएटरमध्ये एक मोठा फरक आहे आणि सगळा घोळ तिथेच होतो. कूलरमधलं पाणी वाफ होऊन उडतं म्हणूनच थंडावा येतो, त्यामुळे रोज टाकी भरावीच लागते. रेडिएटरमधलं पाणी उडत नाही, ते बंद वर्तुळात तेच ते फिरतं. त्यामुळे "उन्हाळा आहे, पाणी तर लागतंच, दर आठवड्याला अर्धा लिटर टाकतो मी" असं कोणी म्हटलं की समजायचं, गाडी कुठून तरी गळते आहे. पाच-सहा महिन्यांत बॉटलमधली, म्हणजे रेडिएटरला जोडलेल्या जास्तीच्या पाण्याच्या टाकीतली, पातळी बोटभर खाली गेली तर चालतं, पण दर आठवड्याला टाकावं लागणं हा आजारच आहे, मग डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध का असेना.

## झाकण म्हणजे कुकरची शिट्टी

रेडिएटरचं किंवा बॉटलचं झाकण नुसतं झाकायला नसतं. त्यात स्प्रिंग असते, आणि ती आत साधारण १ बारच्या आसपास जास्तीचा दाब धरून ठेवते. कुकरमध्ये दाबाखाली पाणी १०० अंशांना न उकळता १२० पर्यंत जातं आणि म्हणून डाळ लवकर शिजते, तेच इथे आहे. साधं पाणी या दाबाखाली १२० च्या आसपास उकळतं, आणि अर्धं कुलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रंगीत रसायन) अर्धं पाणी असेल तर १२९-१३० पर्यंत टिकतं.

आता झाकणाचं रबर फाटलं किंवा स्प्रिंग थकली तर दाबच राहत नाही, पाणी लवकर उकळतं, बॉटलमधून बाहेर फेकलं जातं, आणि लोक म्हणतात रेडिएटर गेला. म्हणून मी नेहमी सांगतो, सगळ्यात स्वस्त पार्ट आधी तपासा. गाडी पूर्ण थंड झाल्यावर वरचा होज पाईप चपटा दबलेला दिसत असेल तर झाकणातला परत पाणी ओढून घेणारा छोटा व्हॉल्व्ह अडकलेला असण्याची दाट शक्यता आहे.

आणि तापलेलं झाकण उघडायचं का नाही तेही यातूनच कळतं. आत ११०-११५ अंशांचं पाणी केवळ दाबामुळे पाणी म्हणून आहे, झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

## मग उन्हाळ्यातच का?

रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंश धरा. डिसेंबरच्या सकाळी हवा १५ असते, फरक ८० चा. मेच्या दुपारी हवा ४५, फरक ५० चा. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण ताकद जवळपास ४० टक्क्यांनी कमी. वरून एसी लावला की एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या अगदी पुढे बसलेला असतो, तो आपली गरम हवा मागे रेडिएटरवरच टाकतो.

चांगल्या गाडीत कंपनीनं एवढी जागा ठेवलेलीच असते, त्यामुळे निरोगी गाडी नवतपातही, म्हणजे मेअखेरच्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांतही, तापत नाही. पण जो रेडिएटर आतून पाव भाग चोक झाला आहे तो हिवाळ्यात निभावून नेतो आणि मेमध्ये उघडा पडतो. दोष जुनाच असतो, उन्हानं तो बाहेर आणला एवढंच.

## गाडी केव्हा तापते ते आधी सांगा

सिग्नलवर, ट्रॅफिकमध्ये तापते आणि गाडी पळाली की काटा खाली येतो, असं असेल तर रेडिएटरवर संशय घेण्याआधी पंख्याकडे बघा. पळताना वारा पंख्याचं काम करतो, उभं राहिलं की पंखा एकटा असतो. बहुतेक गाड्यांमध्ये एसी चालू केला की लगेच किंवा थोड्याच वेळात पंखा फिरायला पाहिजे, तेव्हा बोनेट उघडून एसी लावा आणि हात आत न घालता नुसतं बघा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, पंख्याची मोटर, आणि तापमान सांगणारा सेन्सर, या क्रमानं जायचं.

हे मी स्वतः भोगलं आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी माझी गाडी शंकर नगर चौकात सिग्नलला उभी राहिली की एसी गरम हवा टाकायचा, पुढे पळाली की पुन्हा थंड. एका गॅरेजमध्ये एसीची गॅस भरून दिली, फरक पडला नाही, मग त्यांनी रेडिएटर बदलला, तरीही तेच. शेवटी घाट रोडवरच्या एका वायरिंगवाल्या दादानं एसी लावून दहा मिनिटं नुसतं उभं राहून ऐकलं. पंखा आधी गप्प, आणि काटा वर चढल्यावर एकदम जोरात सुरू. माझ्या गाडीच्या पंख्याला दोन स्पीड आहेत, कमी स्पीडचा रेझिस्टर (पंख्याचा वीजप्रवाह कमी करणारा छोटा पार्ट) जळला होता, त्यामुळे पंखा लागायचा पण फार उशिरा, आणि तोपर्यंत इंजिन तापतं आहे म्हणून गाडीचा कम्प्युटर एसीचा कम्प्रेसर बंद करायचा. रेझिस्टर काही शे रुपयांचा होता, आणि त्याआधी मी हजारो रुपये घालवून बसलो होतो. सिग्नलवर एसी गरम होणं हा कूलिंगचा इशारा असू शकतो हे मला तेव्हा माहीत असतं तर एवढं झालं नसतं.

उलट केस पण असते. शहरात ठीक, पण समृद्धीवर अर्धा तास १२० नं चालवली की काटा चढतो, किंवा चिखलदऱ्याचा घाट चढताना चढतो. इथे वारा भरपूर आहे म्हणजे पंखा गुन्हेगार नाही, इंजिन जास्त उष्णता काढून राहिलं आणि पाणी ती तेवढ्या वेगानं वाहून नेत नाही. रेडिएटरच्या नळ्या आतून क्षारानं बुजलेल्या, पंपाची पाती झिजलेली, थर्मोस्टॅट अर्धाच उघडणारा, किंवा पाणीच कमी. बाहेरूनही बघा, कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत माती, किडे, कापसाचे तंतू जमून अक्षरशः गोधडी झालेली असते. आपल्याकडे ७०१ किलोमीटरचा समृद्धी ५ जून २०२५ ला पूर्ण सुरू झाला, आता लोक इथून मुंबईजवळच्या आमणेपर्यंत एका दमात जातात, आणि गावात कधी न दिसलेले हे दोष तिथे दिसतात. धुताना एक काळजी घ्या, प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारला की पत्र्याच्या त्या नाजूक पाकळ्या वाकतात आणि हवा कायमची अडते. साध्या पाईपानं, जमल्यास आतल्या बाजूनं बाहेर, हळूहळू धुवायचं.

थंड गाडी सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर गेला तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला किंवा पाणी भरताना आत हवा राहून गेली. काटा वर असताना वरचा होज पाईप चटका देणारा आणि खालचा थंडगार असेल तर पाणी नीट फिरत नसण्याची दाट शक्यता आहे. हात लावण्यापेक्षा तापमान मोजायची इन्फ्रारेड गन वापरा, पण कोविडमध्ये घेतलेली कपाळावर धरायची नको, ती तापापुरतीच असते.

आणि गाडी पुरेशी गरमच होत नसेल, काटा खालीच राहत असेल, मायलेज पडलं असेल, तर बहुधा थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. हा पण दोषच आहे, लोक याला चांगलं समजतात.

## पाणी जातं कुठे?

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी हिरवा, गुलाबी, निळा किंवा केशरी डाग असेल तर कुलंट, साधं स्वच्छ पाणी फक्त एसी वापरल्यावर पडत असेल तर तो एसीचा निचरा आहे, काळजी नको. होज पाईपाची टोकं, क्लिप, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीचा जोड, इथे वाळलेला पांढरट किंवा रंगीत थर दिसतो का बघा. वॉटर पंपाला खाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथून टिपकायला लागतं, म्हणजे पंपाचे दिवस भरले. ते भोक काही जण एमसीलनं बुजवतात, कृपा करून असं करू नका, ते पाणी मग बेअरिंगमध्ये जातं.

डाग सापडत नसेल तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर मागा. सायकलच्या पंपासारखा हातपंप असतो, इंजिन थंड असताना झाकणाच्या जागी लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरायची आणि दहा-पंधरा मिनिटं घड्याळाचा काटा पडतो का बघायचं. पडला तर गळती आहे, शोधा. ज्या गॅरेजमध्ये हा टेस्टर नाही आणि तरी रेडिएटर बदलायला सांगतात, तिथून मी गाडी परत घेऊन येईन.

बाहेर कुठेच गळत नाही, तर पाणी आत जातं आहे. डाव्या सीटसमोरची मॅट ओली, गाडीत गोडसर वास, काचेवर चिकट धुकं, म्हणजे डॅशबोर्डच्या आतला हीटरचा छोटा रेडिएटर गळतो. आणि सगळ्यात महागडी शक्यता हेड गॅस्केटची. इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधली ती पातळ पट्टी, ती उडाली की जळालेला वायू पाण्यात शिरतो आणि पाणी सिलिंडरमध्ये. मग बॉटलमध्ये सतत बुडबुडे येतात, थंड गाडी सुरू केल्याबरोबर होज पाईप दगडासारखे कडक होतात, सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर थांबत नाही, ऑइल चहाच्या सायीसारखं दिसतं. हिवाळ्यात सकाळी दोन मिनिटं पांढरी वाफ येणं वेगळं, त्याला घाबरू नका. खात्री करायची तर एक निळं द्रव असतं, बॉटलमधली हवा त्यातून ओढायची, त्यात इंजिनाचा वायू असला की ते पिवळं पडतं. हेड उघडून लेथवर पाठवण्याआधी ही टेस्ट करून घ्या.

## "पण काटा तर मधोमध आहे"

काट्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका. पुष्कळ नव्या गाड्यांमध्ये काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, खरं तापमान बऱ्यापैकी वरखाली झालं तरी तो मधेच राहतो, आणि हलतो तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो. कित्येक छोट्या गाड्यांत काटाच नाही, थंड असताना निळा आणि तापल्यावर लाल दिवा एवढंच. स्टीयरिंगखालच्या सॉकेटला लागणारा स्कॅनर घेतला तर मोबाईलवर खरा आकडा दिसतो. मी तो एसी लावून, बंद करून, सिग्नलवर, हायवेवर असा लिहून ठेवतो.

एक गोष्ट लक्षात ठेवाच. काटा वर चढत होता आणि एकदम खाली पडला तर गाडी थंड झाली असं समजू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो, पाणी पूर्ण गेलं की तो हवेत लटकतो आणि कमी दाखवतो. अशा वेळी ताबडतोब इंजिन बंद. सेन्सर फसतो याचं उदाहरण आपल्या शहरानंच पाहिलं आहे, ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले, देशभर बातमी झाली, आणि नंतर हवामान खात्यानं सेन्सरमध्ये बिघाड होता असं सांगितलं. गाडीतही एकाच आकड्यावर न जाता होज, पंखा, बॉटल हे सगळं मिळून बघायचं.

## "नागपुरात बर्फ पडतो का? मग कुलंट कशाला, नळाचं पाणी चालतं"

हा प्रश्न चुकीचा नाही, कारण कुलंट आधी पाणी गोठू नये म्हणूनच वापरायचे. पण त्यातलं ग्लायकॉल उकळण्याचं तापमानही वाढवतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यात गंज रोखणारी रसायनं असतात. आजकालच्या इंजिनात हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर ॲल्युमिनियमचा, ब्लॉक कित्येकदा लोखंडाचा. नुसत्या पाण्यात हे धातू एकमेकांना खातात.

आणि बोअरचं पाणी तर टाकूच नका. कूलरच्या ताट्यांवर दोन महिन्यांत जो पांढरा कडक थर चढतो ना, तोच रेडिएटरच्या नळ्यांच्या आत चढतो, फक्त तुम्हाला दिसत नाही. डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट, बहुतेक गाड्यांत अर्धं-अर्धं, किंवा तयार मिसळलेलं मिळतं ते. नुसतं घट्ट कुलंट टाकणंही चूक, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे. रंगावर जाऊ नका, हिरवा-गुलाबी असा काही ठरलेला नियम नाही, गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिला तोच घ्या. आणि हे चवीला गोड आणि विषारी असतं, उघडं ठेवलं तर पोरं किंवा कुत्री पितील, सांडलं तर लगेच धुवा.

## "मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाक, इकडे कामाचाच नाही"

नागपुरात हे फार ऐकू येतं आणि मला याचा मनापासून राग येतो. थर्मोस्टॅट काढला की इंजिन नीट तापायला वेळ लागतो, तोपर्यंत जास्त पेट्रोल जातं, ऑइल घट्ट राहतं, झीज वाढते. नव्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०१२८ कोड येतो, म्हणजे पाणी पाहिजे तेवढं तापतच नाही. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसरी, आतल्या आत फिरायची वाट बंद करतो, तो काढला की ती वाट उघडीच राहते आणि थोडं पाणी रेडिएटरला न जाता परत फिरतं, म्हणजे हायवेवर गाडी उलट जास्त तापू शकते. बिघडला असेल तर नवा टाका. जुना तपासायचा तर घरी पातेल्यात पाणी उकळून त्यात दोऱ्यानं लटकवा, उघडतो का ते डोळ्यांनी दिसतं.

पंखा डायरेक्ट करून देणं, म्हणजे चावी लावली की सतत फिरणार, हेही तसंच, सेन्सरचा दोष झाकला जातो आणि मोटर लवकर जाते. रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती थांबवतात, आडरानात गावापर्यंत पोचायला ठीक, पण नंतर ती साफ केली नाही तर हीटरच्या बारीक नळ्याही बुजतात.

## रस्त्यात तापलीच तर

एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल, काचा खाली. मेमध्ये हे नको वाटतं, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनाची उष्णता आत ओढतो आणि तेवढी दोन-चार मिनिटं बाजूला लागायला मिळतात. हीटरमधून थंड हवा आली आणि काटा वरच असेल तर आत पाणी नाही किंवा फिरत नाही, मग एक मिनिटही चालवू नका. समृद्धीवर गाडी अगदी कडेला घ्या, इमर्जन्सी लाइट लावा, आणि माणसं गाडीत किंवा गाडीमागे न ठेवता रेलिंगच्या पलीकडे उभी करा.

इंजिन बंद करून बोनेट उघडा, वाफ येत असेल तर ती थांबल्यावरच उघडा, आणि अर्धा-पाऊण तास थांबा, उन्हात त्याहून जास्त. वरचा पाईप हातानं दाबून बघता येईल इतका गार आणि मऊ झाला की मग जाड फडकं टाकून झाकण हळूच, अर्धा वेढा, फुस्स आवाज संपेपर्यंत. इंजिनावर बाहेरून थंड पाणी ओतू नका, गरम तव्यावर पाणी टाकल्यावर तवा वाकतो तसं हेड वाकतं. पाणी भरायचंच असेल तर इंजिन गार झाल्यावर, थोडं थोडं. नाइलाजानं साधं पाणी टाकलं तरी चालेल, पण घरी आल्यावर काढून कुलंट भरायला सांगा.

भरलं आणि दहा किलोमीटरमध्ये पुन्हा तापली तर तिसऱ्यांदा प्रयत्न करू नका, टोइंग बोलवा. बुटीबोरीहून नागपूरपर्यंत टो करून आणायचा खर्च आणि हेड उतरवून, वाकलेलं तोंड घासून सपाट करून (फेसिंग) नवं गॅस्केट टाकायचा खर्च, यात फार मोठं अंतर आहे. टोवाला येईपर्यंत मोबाईलमध्ये लिहून ठेवा: किती वेळ चालवल्यावर तापली, वेग किती होता, एसी चालू होता का, पंखा फिरत होता का, हीटरमधून कशी हवा आली, किती पाणी बसलं. गॅरेजमध्ये गाडी देताना मिस्त्रीला आधी हे वाचून दाखवा.